धोंड्याच्या वाणातला लॅपटॉप

"यात दिवे लागतात का?"

सत्यजित दाजींनी दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या विचारलेला हा पहिला प्रश्न. सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावरचं कॉम्प्युटरचं दुकान, काचेच्या टेबलावर ओळीनं मांडलेले लॅपटॉप, शेजारी माझे पप्पा हात मागं बांधून उभे, आणि आमच्या घरचे मोठे जावई, पुण्याच्या कंपनीतले, विचारतायत दिवे लागतात का. जसं काही गणपतीची आरास घ्यायला आलो होतो.

"लागतात की सर," सेल्समन म्हणाला. "कीबोर्डच्या खाली लाल लागतात."

"हां. मग गेमिंगचाच." दाजींनी पप्पांकडं बघून मान हलवली. पप्पांनीही हलवली. पप्पांचं गादी कारखान्यात आयुष्य गेलेलं. कापूस हातात घेऊन तो कुठल्या गावचा ते सांगतील, पण जावयानं मान हलवली की यांची आपोआप हलायची.

मी अठरा वर्षांची होते. पुण्यात गेम बनवायला शिकवणारी एक संस्था होती, तिथं मला जायचं होतं. मार्कांवर प्रवेश नव्हता. स्वतः बनवलेला एक छोटा गेम जूनअखेर पाठवायचा, तो आवडला तर बोलावणार. माझा गेम डोक्यात तयार होता. कृष्णेला पूर आलाय, पाणी चढतंय आणि आयर्विन पुलावरून पळत पलीकडं पोचायचंय. निम्माशिम्मा बनवलाही होता, पण आमच्या गाद्यांच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, ज्यावर पप्पा गाद्यांची बिलं करायचे. त्यावर माझा पूल उघडायला घातला की आईचा चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा, आणि पूल उघडला की कॉम्प्युटर बंद पडायचा.

म्हणून लॅपटॉप. बजेट साठ हजार. त्यातले निम्मे माझे, दोन वर्षं प्रेसवाल्याला लग्नपत्रिका डिझाइन करून देऊन साठवलेले. साठ हजारात सगळं मिळत नाही, काहीतरी सोडावं लागतं, आणि काय सोडायचं ते मी केव्हाच ठरवलं होतं. मी हेरलेला दिसायला काळा, जाड, नुसती वीट. स्क्रीन साधी, रॅम बेताची. पण त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं, म्हणजे चित्रं हलवायचं काम करणारा वेगळा भाग, आणि गरम हवा बाहेर टाकायला मागं मोठी जाळी. रॅम पुढं कधीही वाढवता येते, कार्ड नंतर बसवता येत नाही. एवढी साधी गोष्ट. मी दुकानात जाऊन सांगितलं असतं आणि अर्ध्या तासात घेऊन आले असते.

पण पप्पा म्हणाले, "दाजींना विचारल्याशिवाय नको. घरात कॉम्प्युटरचा माणूस असताना परस्पर आणला तर काय वाटंल त्यांना?"

कॉम्प्युटरचा माणूस! दाजी त्या कंपनीत नक्की काय करतात हे माझ्या ताईला, म्हणजे त्यांच्या बायकोलासुद्धा, धड सांगता यायचं नाही. पण आमच्या घरात वायर असलेल्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा शब्द शेवटचा. मिक्सर त्यांनी निवडला, तो फक्त ओरडायचा. इन्व्हर्टर त्यांनी निवडला, तो लाईट असतानाच चालायचा. तरी पप्पांचं आपलं, दाजी, दाजी. नशिबानं त्या वर्षी धोंड्याचा महिना होता, अधिक महिना. आमच्याकडं त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवायला घालतात, पाटावर बसवून वाण देतात. दाजी शनिवारी येणार, रविवारी जेवण. शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप बघायचा असं ठरलं.

आणि ते आता दिवे बघत होते.

"हा बघा पप्पा," त्यांनी एक चंदेरी लॅपटॉप बोटावर उचलला. "किती बारीक. स्क्रीनला बोट लावलं की चालतो. मृणालला कॉलेजात न्यायला बरा."

"दाजी, यात ग्राफिक्स कार्ड नाही," मी म्हणाले.

"असतं गं आत. सगळ्यात असतं."

"यात नाही. खाली लिहिलंय बघा."

"मृणाल, तू आत्ता बारावी झालीस. मी रोज दहा तास याच्यासमोर असतो." मग पप्पांकडं वळून, हसत, "मुलींना आपलं काहीतरी वाचून डोक्यात बसतं. आणि गेमिंग कशाला पायजे पोरीच्या जातीला?"

"गेम खेळायचे नाहीत मला. बनवायचेत."

"बनवायला तर याहून साधा चालंल."

पप्पा म्हणाले, "ते सांगतायत ना, ऐक की जरा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण तो सेल्समन हुशार होता, त्याला महागातला विकायचा होता. तो म्हणाला, "सर, दोन्हीवर गाडीची रेस लावून देतो, तुम्हीच बघा." चंदेरीवर लावली तर गाडी ढकलत नेल्यासारखी, थांबत थांबत. मग माझ्या विटेवर लावली. गाडी सुसाट. डोंगर, वळणं, चाकामागं उडणारी धूळ, सगळं स्वच्छ.

"बघू बघू," दाजी म्हणाले, आणि सेल्समनला बाजूला सारून स्वतः उभे राहिले.

पुढचा अर्धा तास आमच्या घरचा कॉम्प्युटरचा माणूस जीभ बाहेर काढून गाडी चालवत होता. वळणावर सगळं अंग वळवायचा. पप्पांनी चहा मागवला, तो निवून गेला. दुसरं गिऱ्हाईक आलं, बघून गेलं. शेवटी दाजींनी मान वर केली तेव्हा कपाळावर घाम होता.

"पप्पा, हाच घ्या."

"मघाशी बारीक बरा म्हणालात, हा तर जड आहे," मी म्हणाले.

"जड म्हणजे दणकट. मशीन आहे, मशीन."

सेल्समन म्हणाला, यावर एक काहीतरी फुकट मिळेल. रॅम वाढवून देतो, नाहीतर लाल दिव्यांचा माउस आणि हेडफोन. मी रॅम म्हणायला तोंड उघडलं, तोवर दाजी म्हणाले, "माउस आणि हेडफोन द्या. मला रॅम पुरेल एवढी."

मला, म्हणाले. मी ऐकलं. पण मी एवढी खूश होते की माझ्या डोक्यात ते शिरलंच नाही. मग बिल करताना म्हणाले, "माझ्या नावावर करा. पुण्यात सर्व्हिस सेंटर आहे, काही झालं तर मी बघीन." पप्पा कौतुकानं म्हणाले, "बघितलंस? किती पुढचा विचार करतात." मलाही पहिल्यांदाच वाटलं की अरे, हा माणूस अगदीच काही हा नाही.

घरी आल्यावर मी पूल उघडला. लगेच उघडला! पुलाखालून पाणी वाहत होतं, लाटा दिसत होत्या, माझी ती छोटी मुलगी कमानींवरून धाड धाड पळत होती. मला रडूच आलं. आईला हाक मारली, ती पिठाच्या हातानं आली, म्हणाली, "अगं बाई, हा तर आपला पूल." त्या संध्याकाळएवढी सुखी मी नंतर फार कमी वेळा झाले. मग दाजी आले, "सरक जरा," म्हणाले, आणि जेवायला हाक येईपर्यंत गाडी चालवत बसले. बसू दे म्हटलं. एका दिवसाचे तर पाहुणे.

रविवारी सकाळपासून घरात पुरणाचा वास. आमच्याकडं कुठलीही नवी वस्तू आली की आधी देवापुढं ठेवतात, हळदकुंकू लावतात, मग वापरतात. पप्पा तर नव्या कापसाच्या पहिल्या गठ्ठ्यालाही कुंकू लावायचे. आईनं लॅपटॉप देवापुढं पाटावर ठेवला, झाकणावर कुंकवाचं बोट ओढलं, फूल वाहिलं. शेजारीच दाजींच्या वाणाचं ताट तयार होतं. तांब्याचं ताम्हण, चांदीचा दिवा, शर्टपँटचं कापड आणि वर धोंडे.

भावकीतली दहाबारा माणसं जेवायला होती. दाजी पाटावर बसले, ताई शेजारी. पप्पांनी टिळा लावला, आईनं ओवाळलं. तेवढ्यात माझी थोरली चुलती, मालनकाकू, जिच्या तोंडातून निघालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत कुपवाडला पोचते, तिची नजर देवापुढं गेली.

"अगं बया! जावयाला लॅपटॉप?" काकू केवढ्यांदा ओरडली. "भावजी, आपल्या भावकीत धोंड्याला असलं वाण कुणी दिलं नव्हतं! आम्ही आपले ताम्हण देऊन मोकळे झालो."

सगळे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, केवढ्याचा आहे? कुणीतरी म्हणालं, पोरीनं नशीब काढलं. काकू जवळ जाऊन वाकली. "आणि ही बघा, मागं जाळी! अधिकात जाळीदार वस्तूच द्यायची असती. आम्ही अनारसं देतो, यांनी लॅपटॉप दिला. अगदी शास्त्राला धरून!"

आता पप्पांनी काय करायचं? 'नाही वहिनी, हा मृणालचा' एवढे चार शब्द. चार! माझे पप्पा, ज्यांनी व्यापाऱ्याच्या तोंडावर ओला कापूस फेकला होता, ते उभे राहिले, चेहरा लाल झाला, आणि हसले. कौतुकानं हसले. भावकीत वाहवा होत होती ना.

मी दाजींकडं बघितलं. एकटा तो माणूस तरी बोलेल. त्यानंच निवडला होता, कुणासाठी ते त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, मग ताटातल्या धोंड्याकडं बघितलं, आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "कशाला पप्पा एवढं?"

कशाला एवढं! आयुष्यात मी पुष्कळ हलकट माणसं बघितली, पण दोन्ही हात जोडून चोरी करणारा तो एकच.

पप्पांनी लॅपटॉप पाटावरून उचलला. मी "पप्पा, तो माझा..." एवढं म्हणाले असेन, तोवर आईनं माझं मनगट धरून मला स्वयंपाकघरात ओढलं.

"आई, सोड. सांगते मी सगळ्यांना."

"गप. चार माणसांत तमाशा करू नको. ताईला तिथं राहायचंय."

"आणि मला? मला कुठं राहायचंय?"

आई कढईकडं वळली. ती रडत होती आणि धोंडे तळत होती. बाहेरून काकूचा आवाज येत होता, जावयाला अजून एक वाढा म्हणून.

जेवणं झाली, भावकी पांगली. दाजी गाडीत सामान ठेवत होते. माउस, हेडफोन, सगळं आठवणीनं. मी जाऊन समोर उभी राहिले.

"दाजी, तो माझा आहे. तुम्हाला माहितीये."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "अगं, मला कळतंय. पण पप्पांनी मानानं दिला, मी नाही म्हटलं असतं तर त्यांचा अपमान झाला असता. मी मनात नसताना घेतला बघ."

"मग आता द्या. आता कुणी नाही बघायला."

"दिलेलं वाण परत करत नसतात. अशुभ असतं." मग जरा विचार केल्यासारखं करून, "माझा ऑफिसचा जुना आहे एक. तो पाठवीन तुला. टायपिंगला चांगला आहे."

ताई गाडीत बसली होती, मांडीवर ओटीचे तांदूळ. मी तिच्याकडं बघितलं. ती खाली बघत म्हणाली, "मी बोलते त्यांच्याशी, पुण्याला गेल्यावर." ती काय बोलणार! लग्नाला चार वर्षं झाली होती, बोलायला तिला अजून पुणं यायचं होतं. तो जुना लॅपटॉपही कधी आला नाही, हे सांगायला नकोच.

पप्पा संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात आले. "पुढच्या वर्षी घेऊ," म्हणाले. "याहून भारी घेऊ."

"पुढच्या वर्षी संस्थेला पण सांगू का थांबायला?"

ते दारातूनच मागं फिरले. मला त्या वेळी त्यांची किळस आली. खोटं कशाला बोलू, बापाची किळस आली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन त्या जुन्या डब्यासमोर बसले. पूल त्यावर होणार नव्हता. पाणी नको, लाटा नकोत, सावल्या नकोत, नुसती सपाट चित्रं हलवणं तेवढं त्याला झेपायचं. सपाट तर सपाट. सपाट माणसांचाच बनवते म्हटलं. पाट काढला. पाटावर जावई बसवला, गोल तोंडाचा, कपाळावर टिळा. समोर ताट. खेळणारा माणूस म्हणजे सासरा. त्यानं धावत धावत ताट भरत राहायचं. आधी धोंडे, मग अंगठी, मग मिक्सर, मग मोटारसायकल, मग फ्रीज. ताट रिकामं झालं की जावयाचं तोंड फुगतं आणि भोवतीची भावकी कुजबुजायला लागते. जेवढं वाढावं तेवढं त्याचं तोंड मोठं होत जातं. नाव ठेवलं 'जावईबापू'.

दिवसभर मी तिथं बसायची, पप्पा मागं गाद्यांना टाके घालायचे. आमचं बोलणं बंद होतं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ते मागं येऊन उभे राहिले.

"हे काय आहे?"

"खेळून बघा."

ते बसले. दोन बोटांनी बिलं करणारा माणूस, पण जमलं त्यांना. धोंडे वाढले, अंगठी वाढली, फ्रीज वाढला. जावयाचं तोंड अर्ध्या स्क्रीनएवढं झालं. घरातल्या वस्तू संपल्या तशी त्यांनी घराचं दार उचलून ताटात ठेवलं, आणि हरले. पुन्हा खेळले. पुन्हा दारापर्यंत येऊन हरले.

"यात जिंकायचं कसं?"

"खाली बटण आहे एक. पहिल्यापासून आहे."

स्क्रीनच्या खाली, कोपऱ्यात, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'नाही'. पप्पांनी ते वाचलं. हात माउसवर होता. बाण त्या बटणाजवळ नेला आणि तिथंच ठेवला.

"जावयाला कुणी नाही म्हणतं का?" ते म्हणाले.

 मग उठले, सुई घेतली आणि गादीपाशी जाऊन बसले. टाके कुठं घालतायत तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. मी गेम संस्थेला पाठवून दिला.

मला घेतलं. मुलाखतीला एका बाईंनी विचारलं, हे बटण एवढं समोर आहे, लोक लगेच दाबणार नाहीत का? मी म्हणाले, आमच्याकडं नाही दाबत. त्या खूप हसल्या. पप्पांनी कारखान्यातलं कापूस पिंजायचं जुनं मशीन विकून मला लॅपटॉप घेऊन दिला. या वेळी कुणालाही न विचारता, मी दाखवला तो. आणि दाजींचा? तो वर्षाच्या आत जळला. हे गादीवर आडवे पडून गाडी चालवायचे, मशीन गादीवरच. जाळी बंद, हवा जाणार कुठून? कार्ड करपलं. गादीही आम्हीच दिलेली, लग्नात. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी हात वर केले, तेव्हा दाजी म्हणे ताईला म्हणाले, "तुझ्या बहिणीची निवडच चुकली."

तीन वर्षांनी पुन्हा धोंड्याचा महिना आला. तोवर 'जावईबापू' मोबाईलवर आला होता आणि बऱ्यापैकी चालत होता. तेच घर, तोच पाट, तीच भावकी. मालनकाकू यंदा पुढंच बसली होती, देवापुढं काय ठेवलंय ते बघायला. देवापुढं फक्त दिवा होता.

दाजी पाटावर बसल्या बसल्या म्हणाले, "पप्पा, टीव्ही बघून ठेवलाय मी. पंचावन्न इंची. तुमचं बजेट थोडं वाढवावं लागेल, पण वस्तू एकदाच होते."

काकूचे डोळे लकाकले. पप्पा कुंकवाची वाटी हातात घेऊन उभे होते, काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत म्हटल्यावर दाजींनी होकार धरला, निवांत झाले आणि खिशातून मोबाईल काढला.

"मृणाल, तुझा हा गेम मात्र भारी हां. आमच्या ऑफिसात माझ्यापुढं कुणी नाही." स्क्रीनवर तो गोल तोंडाचा माणूस फ्रीज गिळत होता आणि दाजी कौतुकानं त्याच्याकडं बघत होते. समोर आरसा धरावा आणि माणसानं म्हणावं, वा, चित्र काय सुरेख काढलंय, त्यातली गत. "एक विचारायचं होतं. ते खाली बटण कसलं आहे गं? मला कधी लागलंच नाही."

मी तोंड उघडलं. पण पप्पांनी कुंकवाची वाटी खाली ठेवली.

"ते तुमच्यासाठी नाही, सत्यजितराव," ते म्हणाले. "ते आमच्यासाठी आहे."

दाजी बघत राहिले. काकू म्हणाली, "म्हंजे काय वो भावजी? टीव्ही देताय ना?"

"नाही वहिनी."

 ताईनं मान वर केली आणि पहिल्यांदा नीट पप्पांकडं बघितलं. आई आतून ताट घेऊन आली. पप्पांनी तिच्या हातातून ते घेतलं, वाकून जावयापुढं ठेवलं आणि म्हणाले, "धोंडे गरम आहेत, तोवर खाऊन घ्या."